लडाखचा एकच खासदार, आणि त्याचं म्हणणं नेमकं काय आहे?

डिसेंबर २०२४ च्या शेवटी आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरत होता, आठवतोय का? पँगाँग तलावाच्या काठावर, १४,३०० फुटांवर, शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. २६ डिसेंबरला सैन्याने त्याचं अनावरण केलं आणि मी पण दहा मिनिटांत स्टेटस टाकलं, खोटं कशाला बोलू. मग लगेच दुसरी बातमी आली, चुशुल भागातून निवडून आलेल्या तिथल्या हिल कौन्सिलच्या (जिल्ह्याची निवडून आलेली परिषद) मेंबरने जाहीरपणे म्हटलं की हा पुतळा उभारताना स्थानिकांना विचारलं नाही आणि आमच्या निसर्गाशी, वन्यजीवांशी याचा काय संबंध आहे. झालं, आमच्या ग्रुपवर लोक पेटले, हा कोण टिकोजीराव महाराजांना विरोध करणारा वगैरे वगैरे.

मला पण आधी रागच आला होता. पण नंतर त्या माणसाचं बाकीचं बोलणं वाचलं, तेव्हा कळलं की हा गडी कित्येक वर्षं एकाच गोष्टीवर बोलतोय, आमच्या जमिनीवर काही करताना आम्हाला विचारणार कोण? चराईची जमीन गेली तेव्हा पण हेच आणि पुतळ्याच्या वेळी पण हेच. २०१९ ला ज्या लेहमध्ये लोक नाचत होते त्याच लेहमध्ये २०२५ ला गोळीबार कसा काय झाला हे समजून घ्यायचं असेल तर हाच प्रश्न धरून चालावं लागतं. आणि त्यातल्या त्यात सोपा रस्ता म्हणजे लडाखच्या खासदाराची खुर्ची बघायची, त्या खुर्चीवर कोण कोण बसलं आणि काय काय बोललं. खुर्ची एकच आहे म्हणून गोष्ट पण सोपी जाते.

आधी आकार डोळ्यासमोर आणा. आपल्या ताब्यातलं लडाख आहे ५९,१४६ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खा मराठवाडा. आणि माणसं किती? २०११ च्या जनगणनेत २,७४,२८९. जालना शहराची लोकसंख्या त्याच जनगणनेत यापेक्षा थोडी जास्तच होती. म्हणजे मराठवाड्याएवढ्या जागेत जालना शहर पसरून ठेवलंय, ते पण डोंगरांत, आणि मध्ये हिवाळ्यात बंद होणाऱ्या खिंडी. त्यात दोन मुख्य जिल्हे, लेह आणि कारगिल. लेहमध्ये बौद्ध जास्त, कारगिलमध्ये शिया मुस्लिम जास्त, आणि लोकसंख्या दोन्हीकडे जवळपास सारखी, कारगिलची किंचित जास्त. (२०२४ मध्ये झांस्कर, द्रास, शाम, नुब्रा आणि चांगथांग असे आणखी पाच जिल्हे जाहीर झाले, पण राजकारणाचा हिशोब अजून लेह आणि कारगिल असाच चालतो.)

आता तुमच्या गावात रस्ता खराब झाला तर तुम्ही कोणाकडे जाता विचार करा. सरपंच किंवा नगरसेवक, झेडपी मेंबर, आमदार, मग खासदार, आणि राज्यातून राज्यसभेत गेलेले लोक वेगळे. म्हणजे शिव्या घालायला तरी चार पाच माणसं आहेत आपल्याकडे. लडाखच्या माणसाला काय आहे? पंचायत आहे, हिल कौन्सिल आहे आणि डायरेक्ट दिल्लीत बसलेला एक खासदार, संपलं. आमदार एक पण नाही. राज्यसभेत पण कोणी नाही, कारण विधानसभाच नाही तर राज्यसभेचा खासदार निवडणार कोण. २०१९ च्या आधी जम्मू काश्मीरच्या विधानसभेत लेह, नुब्रा, कारगिल आणि झांस्कर असे चार आमदार तरी जायचे, ते पण गेले. म्हणजे कायदा जिथे बनतो तिथे जाऊन बोलणारा अख्ख्या प्रदेशाचा एकच माणूस. आणि मतदारसंघ क्षेत्रफळाने देशात सगळ्यात मोठा!

तक्रार जुनी आहे हां ही, २०१९ ला सुरू झालेली नाही. १९४९ मध्येच लडाखच्या बौद्धांच्या संघटनेने नेहरूंना निवेदन दिलं होतं की आम्हाला काश्मीरच्या हाताखाली ठेवू नका. १९५२ मध्ये कुशोक बकुला रिंपोछे, म्हणजे लडाखचे मोठे लामा, जे पुढे खासदार झाले आणि मग मंगोलियात भारताचे राजदूत, ते जम्मू काश्मीरच्या विधानसभेत बजेटवर बोलायला उभे राहिले. आणि बोलले चक्क लडाखी भाषेत, सभागृहात ती कोणाला कळतेय याची पर्वा न करता. मुद्दा साधा होता, या बजेटमध्ये लडाखसाठी काही नाहीये. लेहच्या विमानतळावर उतरल्यावर जे नाव दिसतं ते यांचंच. आपण तिथे उतरून ऑक्सिजन लेव्हल चेक करण्यात बिझी असतो म्हणून लक्ष जात नाही.

आपल्या विदर्भ मराठवाड्यातल्या लोकांना हे लगेच कळेल, हा अनुशेषाचा प्रश्न आहे. पैसा राजधानीच्या भोवती फिरतो आणि लांबच्याला उरलेसुरले तुकडे मिळतात. लडाखसाठी राजधानी म्हणजे श्रीनगर आणि मध्ये जोजिला खिंड, हिवाळ्यात बर्फाने बंद होणारी.

मग आंदोलनं होत गेली, १९८९ चं आंदोलन बरंच कडवट होतं, त्यात लेहच्या बौद्धांनी मुस्लिमांवर सामाजिक बहिष्कार पण टाकला होता, ती जखम बरेच दिवस राहिली. त्यातून पुढे १९९५ मध्ये लेहला हिल कौन्सिल मिळाली आणि २००३ मध्ये कारगिलला. पण मूळ मागणी केंद्रशासित प्रदेशाचीच, म्हणजे यूटी.

याच मागणीवर थुपस्तान छेवांग २००४ मध्ये अपक्ष म्हणून खासदार झाले, मग २०१४ मध्ये भाजपकडून. २०१४ चं मताधिक्य किती माहितीये? ३६. हजार वगैरे काही नाही, फक्त छत्तीस मतं. आपल्याकडे सोसायटीच्या इलेक्शनला याहून जास्त फरक पडतो. आणि मग २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी खासदारकी सोडली, पक्ष पण सोडला, यूटीचं वचन पूर्ण होत नाही म्हणून नाराजी होती. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणारे.

त्यांच्या नंतर जामयांग त्सेरिंग नामग्याल, एकेकाळी छेवांग यांचेच स्वीय सहाय्यक. २०१९ ला पहिल्यांदा खासदार. ५ ऑगस्टला कलम ३७० काढल्याचं आणि लडाख वेगळी यूटी होणार असल्याचं जाहीर झालं, ६ ऑगस्टला लोकसभेत हा ३४ वर्षांचा पोरगा उभा राहिला आणि हिंदीत असं बोलला की अख्ख्या देशात व्हायरल. तुम्ही पण बघितलं असणार. त्याच्या बोलण्याचा सार असा की लडाख ७१ वर्षं यूटीसाठी भांडतोय, आम्हाला काश्मीरला जोडून दुर्लक्षित ठेवलं, आमच्याकडे उच्च शिक्षणाची सोय नव्हती, विकास झाला नाही याला ३७० आणि काँग्रेस जबाबदार. पंतप्रधानांनी ट्वीट करून कौतुक केलं. मग १५ ऑगस्टला लेहमध्ये पारंपरिक पोशाखात नाचतानाचा त्याचा व्हिडिओ आला. आनंद खरा होता हो, सत्तर वर्षांची मागणी होती ती.

आता इथे एक गोष्ट जी आपल्याकडच्या चर्चेत कोणी सांगतच नाही. याच नामग्यालने याच ऑगस्ट महिन्यात, भाषणानंतर दोन आठवड्यांच्या आत, आदिवासी मंत्री अर्जुन मुंडा लेहला आले होते तेव्हा त्यांच्याकडे मागणी केली की लडाखला सहाव्या अनुसूचीखाली (ती काय ते पुढे सांगतो) आदिवासी क्षेत्र करा, नाहीतर आमची जमीन, आमची ओळख यांचं काय? भाजपचाच खासदार, सरकार त्याचंच, नाचून घाम पण वाळला नव्हता. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने पण सरकारला तीच शिफारस केली, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार लडाखची ९७ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या आदिवासी आहे. त्यामुळे जेव्हा कोणी म्हणतं की सहाव्या अनुसूचीचं खूळ लडाखच्या आंदोलनाचा चेहरा झालेल्या सोनम वांगचुकने काढलं किंवा बाहेरच्यांनी काढलं, तेव्हा ही तारीख सांगायची, ऑगस्ट २०१९.

आणि कारगिल? कारगिलमध्ये त्या दिवशी कोणी नाचलं नाही. त्यांना जम्मू काश्मीरपासून तुटायचंच नव्हतं, तिथे निषेध झाला, बंद झाला. म्हणजे एकाच प्रदेशाचा अर्धा भाग पेढे वाटतोय आणि अर्धा काळे झेंडे घेऊन. नामग्याल संसदेत जे बोलला ते लेहचं म्हणणं होतं, अख्ख्या लडाखचं नाही, ही त्या भाषणातली खरी गोम. एकच खासदार असला की असं होतं, तो ज्या अर्ध्यातून येतो तो अर्धा बोलतो.

बरं, आता ही बिनविधानसभेची यूटी म्हणजे काय भानगड आहे ते बघू. यूटी दोन प्रकारच्या असतात. एक दिल्ली, पुदुच्चेरीसारखी, जिथे आमदार आहेत, मुख्यमंत्री आहे, भांडण करायला का होईना पण आहे. दुसरी चंदीगड, अंदमानसारखी, जिथे नायब राज्यपाल किंवा प्रशासक आणि त्यांच्याखाली अधिकारी, बास. लडाखला मिळाली दुसऱ्या प्रकारची. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून. यात संसद कायदे करते आणि घटनेच्या कलम २४० खाली राष्ट्रपती, म्हणजे प्रत्यक्षात केंद्रीय गृह मंत्रालय, नियम काढून कारभार चालवू शकतं. लेहमधल्या लोकांचं आता म्हणणं आहे की आम्हाला पहिल्या प्रकारची हवी होती, श्रीनगरचा साहेब जाऊन दिल्लीचा साहेब आला एवढंच झालं.

आणि त्याच फटक्यात ३५अ पण गेलं. ३५अ मुळे बाहेरच्याला जम्मू काश्मीरमध्ये, म्हणजे लडाखमध्ये पण, जमीन घेता येत नव्हती आणि सरकारी नोकऱ्या स्थानिकांना होत्या. लेहवाल्यांना काश्मीर नको होतं पण ही कुंपणाची तार त्यांना पण उपयोगी होती, ती काढली गेली हे हळूहळू लक्षात आलं. आपल्याकडे म्हणतात ना, तेलही गेलं तूपही गेलं.

तर सहावी अनुसूची. नाव ऐकून लोक स्क्रोल करतात पण थांबा, सोपं आहे. घटनेच्या शेवटी काही जोडपत्रं आहेत त्यातलं सहावं, आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरम या चार राज्यांतल्या काही आदिवासी भागांसाठी. कल्पना अशी की या भागांची एक स्वायत्त जिल्हा परिषद असेल, पण आपल्या झेडपीसारखी नाही. आपली झेडपी योजना राबवते, पैसे खर्च करते, कायदा करत नाही. तिथली परिषद मात्र ठराविक विषयांवर स्वतः कायदे करू शकते: जमीन कोणाला द्यायची आणि कशासाठी वापरायची, राखीव नसलेलं जंगल, पाण्याचे पाट, गावाचा कारभार, लग्न आणि वारसाहक्काच्या रूढी. काही कर लावू शकते, छोटी न्यायालयं चालवू शकते. राज्यपालांची मंजुरी लागते, म्हणजे अगदी मोकाट नाही. पण कोणी मोठा प्रोजेक्ट घेऊन आलं तर कायद्याने विचारावं लागेल असं एक दार उभं राहतं.

मला यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटली ती आकड्यांची. सहाव्या अनुसूचीत जिल्हा परिषदेत जास्तीत जास्त ३० सदस्य आणि त्यातले नियुक्त जास्तीत जास्त चार. लेह आणि कारगिलच्या हिल कौन्सिलमध्ये किती? ३०, त्यातले २६ निवडून आलेले आणि चार नियुक्त. सांगाडा अगदी तसाच दिसतो, फक्त कायदे करायची ताकद तेवढी दिली नाही! गाडी शोरूममधून आणली पण इंजिन काढून ठेवलं, असं काहीसं. म्हणून हिल कौन्सिलचा मेंबर कागदावर मोठा दिसतो, रुबाब पण असतो, पण वरचे साहेब नाही म्हणाले की तो फार तर पत्र लिहू शकतो नाहीतर पोस्ट टाकू शकतो. चुशुलच्या मेंबरने तेच केलं.

आणि हे वचन दिलेलं होतं बरं का. २०२० च्या लेह हिल कौन्सिलच्या निवडणुकीत भाजपच्या जाहीरनाम्यात सहावी अनुसूची होती, पक्षाने २६ पैकी १५ जागा जिंकल्या. त्यानंतर विषय थंड. लोकांच्या रागाचं मूळ इथे जास्त आहे असं मला वाटतं, मागितलं आणि मिळालं नाही एवढंच असतं तर लोक परत मागत बसले असते, इथे देतो म्हणून मतं घेतली होती.

पुढे जे झालं ते खरंच कोणी कल्पना केली नसती. लेहवाल्यांनी लेह एपेक्स बॉडी केली, कारगिलवाल्यांनी कारगिल डेमोक्रॅटिक अलायन्स, आणि २०२१ पासून दोघं एकत्र मागायला लागले. ज्यांच्यात १९८९ मध्ये बहिष्कारापर्यंत गोष्ट गेली, २०१९ मध्ये एकाने पेढे आणि दुसऱ्याने काळे झेंडे, ते एका पत्रावर सही करायला लागले. मागण्या चार: राज्याचा दर्जा, सहावी अनुसूची, लेह आणि कारगिलला वेगवेगळा खासदार, आणि नोकरभरतीसाठी स्वतःचा लोकसेवा आयोग.

मग २०२४ ची लोकसभा. भाजपने नामग्यालचं तिकीटच कापलं आणि लेह हिल कौन्सिलचे प्रमुख ताशी ग्यालसन यांना उभं केलं. काँग्रेसचे पण लेहचेच. आणि कारगिलमधून अपक्ष उभे राहिले मोहम्मद हनीफा, नॅशनल कॉन्फरन्सचे, पण पक्षाने आघाडीत जागा काँग्रेसला सोडली होती म्हणून बंड केलं, आणि कारगिलच्या अख्ख्या पक्ष युनिटने राजीनामे देऊन त्यांच्या मागे उभं राहायचं ठरवलं. निकाल, हनीफा ६५,२५९, काँग्रेस ३७,३९७, भाजप ३१,९५६. गणित उघड आहे, लेहची मतं दोघांत फुटली आणि कारगिलची एकगठ्ठा राहिली. पण दुसरं पण बघा, तिन्ही उमेदवारांपैकी जिंकला तो दिल्लीच्या कुठल्याच मोठ्या पक्षाचा नव्हता.

हनीफांचं म्हणणं काय? या चार मागण्याच, पहिल्या दोन सगळ्यात वर. नामग्याल आणि हनीफा एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे दिसतात ना, एक भाजपचा बौद्ध आणि एक बंडखोर मुस्लिम, एक यूटीसाठी नाचलेला आणि दुसरा ज्या गावात यूटीचा निषेध झाला तिथला. पण २०१९ च्या ऑगस्टमधली नामग्यालची ती मागणी आणि हनीफांच्या मागण्यांची यादी शेजारी ठेवा, जमिनीचा मुद्दा सेम आहे. फरक एवढा की एकाला वाटलं होतं आपलं सरकार आहे, मागितलं की मिळेल.

नोकऱ्यांचं थोडं सांगतो कारण तरुण पोरं रस्त्यावर येण्यामागे मला वाटतं तेच सगळ्यात मोठं आहे. आधी वर्ग एक, वर्ग दोनच्या राजपत्रित जागा जम्मू काश्मीर लोकसेवा आयोग भरायचा. लडाख वेगळा झाला, तो आयोग तिकडे राहिला आणि इकडे नवीन काही आला नाही. म्हणजे एमपीएससी एक दिवस बंद झाली आणि त्याजागी काहीच नाही असं समजा. पुण्यात सदाशिव पेठेत एक परीक्षा पुढे ढकलली तर काय होतं आपण बघितलंय, इथे वर्षानुवर्षं राजपत्रित भरती जवळपास ठप्प. डिग्री घेतलेल्या पोराने काय करायचं, टॅक्सी चालवायची नाहीतर गेस्ट हाऊस काढायचं.

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. तीन लाखांच्या आसपास लोकांसाठी पूर्ण राज्य? आणि दोन खासदार? महाराष्ट्रात एका खासदारामागे २०११ च्या हिशोबाने तेवीस लाखांच्या वर माणसं येतात. पैसा जवळपास सगळा केंद्राचाच येणार. एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला पाकिस्तान, गलवानमध्ये जून २०२० ला वीस जवान गेले, अशा ठिकाणी केंद्राला हात सैल सोडायचा नाहीये हे समजतं. याला लडाखवाले उत्तर देतात सिक्कीमचं, १९७५ मध्ये सिक्कीम राज्य झालं तेव्हा तिथे साधारण दोन लाखच लोक होते आणि चीनची सीमा तिथेही आहे. उत्तर चांगलं आहे पण मला पूर्ण पटत नाही, सिक्कीमची तेव्हाची परिस्थितीच वेगळी होती, एक अख्खं संस्थान भारतात येत होतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर राज्याचा दर्जा लांबचा विषय आहे, विधानसभा असलेली यूटी अधेमधे कुठेतरी, पण जमिनीवर कायदा करायचा अधिकार न देण्याचं एक पण चांगलं कारण मला सापडलं नाही. सैन्याला लागणारी जमीन वेगळी ठेवता येतेच की.

केंद्राकडून मधला मार्ग म्हणून जे पुढे आलं ते कलम ३७१ च्या धर्तीवरचं संरक्षण, मार्च २०२४ च्या दिल्लीतल्या बैठकीनंतर लडाखच्या प्रतिनिधींनीच हे बाहेर सांगितलं. आता ३७१ म्हटल्यावर आपले कान टवकारले पाहिजेत, कारण ३७१ चा दुसरा उपविभाग महाराष्ट्र आणि गुजरातसाठीच आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची ती वैधानिक विकास मंडळं त्यातूनच आली, १९९४ मध्ये, आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली ती संपलीच. अनुशेष किती भरला ते मराठवाड्यातल्या कोणालाही विचारा. पण ३७१ च्या पुढे अ, ब, क, ड अशी शेपटं आहेत आणि प्रत्येकाचा माल वेगळा. नागालँडसाठीच्या कलमात असं आहे की जमिनीची मालकी, रूढी आणि धर्म यांच्यावरचा संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागूच होत नाही. मिझोरमचं तसंच. म्हणजे ३७१ देतो म्हटलं तर विचारायचं, कुठलं, नागालँडचं का विदर्भाचं? आणि नागालँडचं म्हटलं तरी ठराव करायला विधानसभा लागतेच, ती लडाखला कुठे आहे. फिरून भोपळे चौकात.

जमीन जमीन काय लावलंय, तिथे तर सगळं वाळवंट आहे, असं वाटत असेल तर चांगथांग बघा. लेहच्या पूर्वेचं उंच पठार, तिथे चांगपा लोक शेळ्या घेऊन फिरतात, पश्मीना ज्यांच्या अंगावर येतो त्या शेळ्या. आपल्याकडचा धनगर जसा पावसाप्रमाणे वाट बदलतो तसं यांचं गवताप्रमाणे. गवत इतकं विरळ की एका कळपाला प्रचंड जागा लागते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती सगळी पडीक दिसते. त्याच भागात पांगजवळ १३ गीगावॉटचा अक्षय ऊर्जा प्रकल्प ठरलाय, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या वीज वाहिनीला केंद्राने मंजुरी दिली, वीस हजार कोटींच्या वर खर्च आणि ७१३ किलोमीटरची लाईन हरियाणातल्या कैथलपर्यंत. सौरऊर्जा चांगलीच गोष्ट आहे, मला काही विरोध नाही, पण कोकणात प्रकल्प आला की पहिला प्रश्न काय येतो, सातबारा कोणाचा? फिरस्त्या चांगपाचा कसला सातबारा. एका बाजूने सौर पॅनेल आणि दुसऱ्या बाजूने चीनची सीमा, २०२० नंतर काही ठिकाणी बफर झोन (दोन्ही सैन्यांनी मोकळे सोडलेले पट्टे) झाले तिथे शेळ्या न्यायला बंदी आली. चुशुलचा मेंबर वर्षानुवर्षं हेच ओरडतोय.

पाण्याचं पण आहे. लेहला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे जुलैत एका रात्रीत पडतो तेवढा. शेती चालते ती बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर आणि गावात पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं हे ठरवणारा एक माणूस असतो, त्याला छुरपोन म्हणतात, आपल्याकडचा पाटकरीच. आम्ही २०२२ मध्ये गेलो तेव्हा एका होमस्टेत उतरलो होतो, तिथे घरच्या आबा-लेंनी (आबा म्हणजे त्यांच्याकडे पण वडील, ले म्हणजे आपलं जी, मला ऐकूनच घरी आल्यासारखं वाटलं) जुना संडास दाखवला, पाणी अजिबात लागत नाही, वरून माती टाकायची आणि खाली वर्षभरात खत. पण आता पाहुण्यांना फ्लश आणि गरम शॉवर पाहिजे म्हणून बोअर मारलाय म्हणाले. आमच्याच ग्रुपमधल्या दोघांनी पहिल्या दिवशी गरम पाणी येत नाही म्हणून कुरकुर केली होती, त्यामुळे मी काही बोललो नाही. त्या २०२२ मध्ये पाच लाखांच्या वर पर्यटक आले, स्थानिकांच्या जवळपास दुप्पट.

बोगद्यांबद्दल लांबण लावत नाही, सोनमर्गचा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला, जोजिलाचं काम चालू आहे, तो झाला की कारगिल बारा महिने जोडलं जाईल. सगळ्यांना हवाय. बाहेरचा पैसा पण बारा महिने येईल ही धाकधूक सोबत आहेच.

जून २०२५ मध्ये केंद्राने थोडं दिलं, ते मान्य करायला पाहिजे. नोकऱ्यांत ८५ टक्के आरक्षण, पंधरा वर्षं राहिलेल्याला स्थानिक धरायचं, हिल कौन्सिलमध्ये एक तृतीयांश महिला, आणि इंग्रजी, हिंदी, उर्दूसोबत भोटी आणि पुर्गी पण अधिकृत भाषा. पण त्यात एक मेख अशी की पंधरा वर्षं मोजायची २०१९ च्या ३१ ऑक्टोबरपासून, आणि जमिनीचा त्यात उल्लेखच नाही.

मग १० सप्टेंबरला लेहमध्ये उपोषण सुरू झालं, वांगचुक पण बसले. केंद्राकडून पुढच्या बोलणीची तारीख ६ ऑक्टोबर दिली गेली, लोकांना ती फार लांबची वाटली, उपोषणातल्या दोघांना हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं आणि २४ सप्टेंबरला पोरं रस्त्यावर आली. भाजपचं ऑफिस जाळलं गेलं, गोळीबार झाला, चार जण गेले, त्यात एक माजी सैनिक. दोन दिवसांनी वांगचुकना एनएसए म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली उचलून थेट जोधपूरच्या तुरुंगात. सरकारचं म्हणणं त्यांनी भडकवलं, लेहवाल्यांचं म्हणणं ते तर शांततेचंच सांगत होते. जाळपोळ चूकच, पण ज्या लडाखमधून पोरं पिढ्यानपिढ्या सैन्याच्या लडाख स्काऊट्समध्ये जातात, कारगिल युद्धात लढली, त्यांना टीव्हीवर बसून देशद्रोही म्हणणारे बघून मला तरी लाज वाटली.

लेह आणि कारगिलवाल्यांनी सांगितलं, आधी न्यायालयीन चौकशी जाहीर करा मग बोलू. १७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाच्या निवृत्त न्यायाधीशांकडे चौकशी दिली गेली आणि २२ ऑक्टोबरला दिल्लीत गृह मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांसमोर बैठक झाली. टेबलाच्या एकाच बाजूला खासदार हनीफा बसले होते, कारगिलचे, अपक्ष, आणि त्यांच्यासोबत लेहचं नेतृत्व करायला थुपस्तान छेवांग, तेच, छत्तीस मतांवाले. २०१४ मध्ये ते ज्यांना छत्तीस मतांनी हरवून जिंकले, ते पण कारगिलचेच होते.